साल्साचं सोवळं

टोमॅटो, कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ आणि चिमूटभर जिरं. मेक्सिकन हॉटेलात मक्याच्या चिप्सबरोबर लहानशा वाटीत जो साल्सा येतो, त्याचं सामान एवढंच. रायपूरच्या तात्यापाऱ्यात ही यादी कुणाला वाचून दाखवली तर उत्तर ठरलेलं: ही तर पतालची चटणी! छत्तीसगडीत टोमॅटोला पताल म्हणतात. निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजलेले पताल, लसूण, मिरची, कोथिंबीर आणि मीठ सिलेवर रगडलं की चटणी तयार. ती तांदळाच्या पिठाच्या चिल्याबरोबर खायची, नाहीतर बासीबरोबर, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेल्या भाताबरोबर. लिंबू लागत नाही, कारण गावठी पताल मुळातच आंबट. तेव्हा साल्सा हा पदार्थ तात्यापाऱ्याला परका नाही. परकी आहे ती ‘अगदी हॉटेलसारखा’ करण्याची हौस.

हॉटेलसारखा म्हणजे कसा, ते सांगता येतं. अमेरिकेतली अनेक हॉटेलं साल्साला डब्यातले सोललेले टोमॅटो वापरतात, म्हणून तिथे बारा महिने चव आणि रंग एकच. घरी करायचा तर अर्धा किलो लालबुंद, गर भरपूर असलेले टोमॅटो घ्यावेत, अर्धे चिरून तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजावेत आणि गार होऊ द्यावेत. त्यात एक लहान कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या, दोन-तीन मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा भाजलेलं जिरं आणि मीठ. मिक्सर सलग फिरवला की आत हवा शिरते, फेस येतो आणि रंग फिकट गुलाबी होतो. म्हणून थांबत थांबत चार-पाच झटकेच द्यावेत. मग तासभर फ्रिजमध्ये, म्हणजे कच्च्या कांद्याचा उग्रपणा लिंबात मुरतो. थंडीत दुर्गजवळच्या धमध्याचे किंवा जशपूरकडच्या पत्थलगाव-लुडेगचे टोमॅटो मिळाले तर डब्याची आठवणही येऊ नये. काही वर्षी तिकडे भाव इतके कोसळतात की शेतकऱ्यांना टोमॅटो रस्त्यावर ओतावे लागतात.

कृती इथे संपते आणि खरी अडचण सुरू होते. पुण्या-हैदराबादेला नोकरी करणारी नात सुट्टीत घरी येऊन साल्सा करते, आणि देवघरातून आजी विचारते, “अगं, कांदा-लसूण आहे का गं त्यात? चातुर्मास चालू आहे. आणि हॉटेलातलं ते घरात कशाला?” नात हसते. हसण्यावारी नेण्याइतके हे प्रश्न साधे नाहीत. अन्न अशुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं? दोष पदार्थात असतो, वेळेत असतो, की तो करणाऱ्या हातात? धर्मशास्त्रकार आणि आचार्य यावर शेकडो वर्षं भांडले आहेत आणि त्यांचं एकमत झालेलं नाही.

त्या वादात शिरण्याआधी या घराचा पत्ता: तात्यापारा, जी. ई. रोड. इथे मराठी आली ती नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी झाली, १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार केला, १८१८ नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणं रायपूरला आणलं. कारकुनी, वकिली, मास्तरकी, भिक्षुकी करणारी कुटुंबं येत गेली आणि दोन चुली शेजारी शेजारी पेटल्या. नागपूरकडे टोमॅटोला भेदरं म्हणत, इथे पताल. ठेच्याला इथे बासीची संगत मिळाली. माधवराव सप्रे याच दोन भाषांच्या रायपुरातले. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला.

गीतेपासूनच सुरुवात करू. सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार सांगितले आहेत. राजसाची लक्षणं अशी: कडू, आंबट, खारट, फार गरम, तिखट, कोरडं, जळजळ करणारं. यातल्या कडू, गरम आणि कोरडं एवढ्या तीन गोष्टी सोडल्या तर साल्साचं वर्णन यापेक्षा नेमकं कुणी केलेलं नसेल. तामसाच्या यादीत प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, दुर्गंधी, शिळं आणि उष्टं अन्न येतं. प्रहर म्हणजे तीन तास. म्हणजे संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी सकाळीच करून ठेवलेला साल्सा फ्रिजमध्ये बसल्या बसल्या राजसातून तामसात उतरतो!

पण इथे एक मेख आहे. प्रहर उलटलेलं असा ज्या शब्दाचा सरळ अर्थ होतो, तो आदि शंकराचार्यांनी त्यांच्या भाष्यात घेतलेला नाही. सत्त्व गेलेल्या अन्नाचा उल्लेख पुढच्याच शब्दात आहे, तेव्हा इथे अर्धवट शिजलेलं असा अर्थ घ्यावा, असं ते म्हणतात. पुनरुक्ती टाळायला आचार्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी लक्षात घेत नाही. या श्लोकांत एकाही भाजीचं नाव नाही आणि एकाही पदार्थावर बंदी नाही. कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय आवडतं, एवढंच त्यात सांगितलं आहे. नावं घेऊन बंदी घालायचं काम मनुस्मृतीनं केलं. पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि कुत्र्याच्या छत्र्या द्विजांना वर्ज्य ठरवल्या आहेत.

शिळ्याचं म्हणाल तर छत्तीसगडमध्ये हा वाद घालायला जाऊच नये. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात ती बासी, त्याच दिवशीचा भात पाण्यात घातला तर बोरे. बरोबर कांदा, मीठ आणि पतालची चटणी. २०२२ मध्ये १ मे रोजी, श्रमिक दिनाला, राज्य सरकारनंच लोकांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं, आणि मंत्र्यासंत्र्यांचे बासी खातानाचे फोटो सगळीकडे झळकले. उन्हात धान कापणाऱ्या माणसाला शिळं अन्न तामस असतं हे सांगायला तिथे कोण जाणार?

चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारं मराठी घर तरी किती खुबीचं! आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे देवशयनी एकादशीच्या आदल्या आदल्या दिवशी, कांदेनवमी. कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, वांग्याचं भरीत. चार महिने सोडायचं म्हणून एक दिवस पोटभर खाऊन घ्यायचं. कांद्यात उपजतच पाप भरलेलं असतं तर त्याची अशी पाठवणी कुणी केली नसती. व्रत हे इतकंच असतं: आवडीची गोष्ट काही काळ बाजूला ठेवणं.

उरतो परकेपणाचा आक्षेप. साल्सा परदेशी, म्हणून तो देवापुढे नको. हा आक्षेप तपासायला एकादशीचं पान पुरेसं आहे. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आपल्याकडे बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातल्या कारखान्यांत, आणि तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेचे. बटाटा अँडीज पर्वतातला, रताळं अमेरिकेतलं. हिरवी मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यानं आलेली. राजगिऱ्याचं धान्यही वनस्पतिशास्त्रज्ञ मध्य अमेरिका आणि मेक्सिकोचंच मानतात. खिचडीतलं तूप आणि जिरं, शेजारची भगर आणि दही सोडलं तर विठ्ठलाच्या उपासाचं पान जवळजवळ सगळं समुद्रापलीकडचं आहे. कोलंबसाआधीच्या कोणत्याही स्मृतिकाराला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. त्यानं परवानगी दिली नाही, बंदीही घातली नाही. लोकांनीच हे सगळं उपासाला घेतलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते सनातन मानलं. टोमॅटो उशिरा, इंग्रजी अमदानीत रुळला, म्हणून तो या पंगतीबाहेर राहिला. बटाट्याला जे मिळालं ते टोमॅटोला मिळालं नाही, याला शास्त्राचा काही आधार नाही. नुसता उशीर झाला.

ज्यांच्याकडून मिरची आली त्यांचं उपासशास्त्र पाहिलं की गंमत वाटते. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांचे व्रताचे दिवस असत आणि त्या दिवसांत ते मीठ आणि मिरची वर्ज्य करत. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन साधूनं त्यांचे सण-उत्सव, बाजार आणि खाणंपिणं खोलात जाऊन लिहून ठेवलं. त्यात मिरची-टोमॅटोच्या चटण्या विकणारे आहेत आणि राजगिऱ्याच्या पिठाची देवमूर्ती करून, तिचे तुकडे प्रसाद म्हणून खाणारे भक्तही आहेत. ही आपल्या ख्रिस्ती धर्मविधीची नक्कल आहे असं वाटून स्पॅनिश पाद्र्यांनी ती प्रथा मोडून काढली. ज्या मिरचीचा ते त्याग करत तीच आपण उपासाच्या खिचडीत घालतो, आणि त्यांचा प्रसाद आपल्याकडे राजगिऱ्याच्या लाडवाच्या रूपानं उपासाला चालतो. त्यांचा पाटाही आपल्यासारखाच ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. त्यांच्या खलाला फक्त तीन पाय असतात.

मग अन्नाचा दोष राहतो कुठे? याची सर्वांत नीटस मांडणी रामानुजाचार्यांच्या श्रीभाष्यात सापडते. आहार शुद्ध असला की अंतःकरण शुद्ध होतं, असं छांदोग्य उपनिषदात म्हटलं आहे. तिथे आहार म्हणजे जेवण, असं धरून ते अन्नाचे तीन दोष सांगतात. जातिदोष म्हणजे पदार्थाच्या मूळ स्वरूपातला, कांदा-लसणाचा तो. आश्रयदोष म्हणजे ते अन्न ज्याच्याकडून आलं त्याचा. निमित्तदोष म्हणजे अन्नात केस, धूळ, घाण पडणं. शंकराचार्यांनी याच वाक्याचा वेगळाच अर्थ लावला. त्यांच्या मते आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेलं सगळं: पाहिलेलं, ऐकलेलं, मनात साठवलेलं. ते राग-द्वेषानं मळलेलं नसणं म्हणजे आहारशुद्धी. पहिल्या वाचनात शुद्धी स्वयंपाकघरात आहे, दुसऱ्यात मनात.

या दोन्ही अर्थांची समोरासमोर गाठ घालून देणारा माणूस तात्यापाऱ्यापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर राहून गेला होता. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्तांचं कुटुंब रायपूरला आलं, आणि चौदा वर्षांचा नरेंद्र सुमारे दोन वर्षं बुढापाऱ्यात राहिला. वडील उत्तम स्वयंपाक करत आणि मुलाला तो छंद त्यांच्याकडूनच लागला, असं चरित्रकार सांगतात. पुढे विवेकानंद झाल्यावर त्यांनी ‘भक्तियोगा’त रामानुजांचे तीन दोष आणि शंकरांचा अर्थ शेजारी शेजारी मांडले आणि दोन्ही आवश्यक आहेत असा कौल दिला. पण १८९७ मध्ये दक्षिणेत मानमदुरैला बोलताना मात्र त्यांचा तोल सुटला. आपला धर्म स्वयंपाकघरात शिरला आहे, भांडं हाच देव झाला आहे आणि ‘शिवू नकोस’ एवढीच साधना उरली आहे, अशा अर्थाचं ते बोलले. स्वयंपाकाची आवड असलेल्या माणसाचा हा राग होता, म्हणून त्याला वजन आहे.

तीन दोषांपैकी कोणता खरा, याची परीक्षा इथे आणि शेजारच्या ओडिशात, अशा दोन ठिकाणी फार पूर्वी होऊन गेली आहे.

पहिलं ठिकाण ओडिशातलं पुरी. छत्तीसगडच्या गावागावांतून माणसं जगन्नाथाला जातात. तिथल्या देवळाच्या स्वयंपाकात टोमॅटो, बटाटा, मिरची, फुलकोबी, कांदा, लसूण चालत नाही. तिखटाला मिरी. म्हणजे जातिदोषाचा नियम असा कडक की साल्सा दारातूनच परत जावा. आणि तोच महाप्रसाद बाहेर आनंदबाजारात आला की कुणी कुणाच्या जातीची चौकशी करत नाही. एकाच भांड्यातलं ब्राह्मण आणि इतर जातींची माणसं शेजारी बसून खातात, आणि तो उष्टा होत नाही अशी श्रद्धा आहे. पदार्थाबाबत पराकोटीचं सोवळं आणि हाताबाबत पूर्ण मोकळीक! अर्थात ज्यांना अस्पृश्य म्हटलं त्यांना देवळाचं दार बंद होतं, हे विसरून पुरीचं कौतुक करू नये.

दुसरं ठिकाण छत्तीसगडातलं गिरौदपुरी. पुरीच्या त्या बंद दाराकडेच निघाले होते तिथले घासीदास. गिरौदपुरीत १७५६ मध्ये जन्मलेला, अस्पृश्य ठरवलेल्या समाजातला हा शेतमजूर भावाबरोबर पुरीच्या यात्रेला निघाला, आणि सारंगढहून ‘सतनाम, सतनाम’ म्हणत माघारी फिरला, अशी कथा आर. व्ही. रसेल आणि कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ च्या त्यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरील ग्रंथात दिली आहे. त्याच ग्रंथात घासीदासांच्या सात आज्ञा आहेत. मद्य नको, मांस नको, मूर्तिपूजा नको, दुपारनंतर नांगर नको. आणि मसूर, मिरची, टोमॅटो यांसारख्या लाल भाज्याही नकोत, कारण त्यांचा रंग रक्ताचा. त्यांच्या सतनामपंथानं जातीची उतरंड नाकारली, देव एक आणि निराकार मानला, पण पताल मात्र वर्ज्य ठरवला!

वर वर पाहता हे चमत्कारिक वाटतं. पुरीत टोमॅटो नको कारण तो परका, गिरौदपुरीत नको कारण तो रक्तासारखा. कारणं वेगळी, पंथ एकमेकांकडे पाठ फिरवलेले. पण दोन्हींनी पदार्थाचा नियम घट्ट धरला आणि माणसाच्या हाताचा नियम सैल केला, पुरीनं काही अंशी, घासीदासांनी मुळापासून. संयमाची गरज दोघांनाही मान्य होती. तो संयम भाजीवर चालवावा, शेजाऱ्यावर नको, हे घासीदासांनी जास्त स्पष्ट ओळखलं. कोणता लाल पदार्थ खावा यावर त्यांच्याशी वाद घालता येईल. या निवडीवर घालता येणार नाही. रायपुरातच दूधाधारी मठ आहे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्याला ते नाव पडलं असं सांगतात. त्यांनी भाजीचा प्रश्नच निकालात काढला होता. सगळ्यांना ते जमणारं नाही.

मराठी समाजाचा इतिहास नेमका उलटा आहे. पदार्थांच्या बाबतीत तो कमालीचा लवचीक. साबुदाणा घेतला, बटाटा घेतला, चहा घेतला. हाताच्या बाबतीत मात्र हटवादी. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणेवैभवा’त छापून आणली. ग्रामण्य झालं, प्रकरण तेव्हाच्या पीठस्थ शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि टिळकांनी आपण ते काशीला घेतल्याचं सांगितलं. चहा कुठून आला हे कुणी विचारलं नाही. तो पाद्र्याच्या घरचा, एवढ्यावर दोन वर्षं गावात रान उठलं. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केलं. पाण्याला जातिदोष नसतो, शिळेपणा नसतो. दोष होता तो फक्त हाताचा.

‘हॉटेलसारखं, पण घरी’ ही हौस याच इतिहासातून आली आहे, हे अप्रिय पण खरं आहे. एके काळी हॉटेलातलं चालत नव्हतं, कारण तिथे कोण रांधतो हे कळत नसे. म्हणून हॉटेलची चव घरी आणायची. आज नातीला हे कारण माहीतही नाही. ती स्वच्छतेचं, पैशाचं, प्रिझर्व्हेटिव्हचं नाव घेते, आणि तिची कारणं रास्त आहेत. रामानुजांच्या भाषेत बोलायचं तर ती निमित्तदोष टाळते. पण तिच्या आजीच्या मनात ‘हॉटेलातलं कशाला’ या वाक्यामागे दुसरा दोष दबा धरून बसलेला असतो, आणि आजीला तो उच्चारावाही लागत नाही.

तेव्हा निवाडा असा करता येईल. निमित्तदोष पूर्ण पाळावा: टोमॅटो धुवावेत, मिक्सरचं भांडं घासलेलं असावं, साल्सा दोन दिवसांत संपवावा. जातिदोष ज्याच्या त्याच्या व्रतावर सोडावा. चातुर्मास पाळणारं कुणी पंगतीला असेल तर कांदा-लसणाऐवजी चिमूटभर हिंग आणि थोडी मिरी घालावी. चव बदलते, पण वाईट होत नाही. नैवेद्यालाही तोच चालेल. पुरीची रीत पाळायची तर टोमॅटोही नको, आणि मग साल्सा उरतच नाही. त्या दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी वाटावी. आश्रयदोष मात्र बाद. ज्या घरात कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप अजून ओट्याखाली वेगळा ठेवला जातो, त्या घरानं कांदा-लसणाचा विचार नंतर करावा. आधी तो कप बाकीच्या कपांबरोबर फडताळात ठेवावा, आणि बाईंना साल्सा त्याच वाटीतून वाढावा.